कोऱ्या नळीतला माणूस

बुधवार, ३ एप्रिल

ऊन असं पडलंय की वरच्या मजल्यावर बसलं तर माणसाचं वाळवण व्हावं. सून म्हणते पंखा लावा. पंखा काय करतो, इकडची गरम हवा तिकडे ढकलतो, कचेरीतल्या कारकुनासारखा. म्हणून दुपारी सून आणि तिच्या हाताखालची पोरगी वर जेवायला आल्या की मी खाली जाऊन बसते.

खाली म्हणजे मुलाची प्रयोगशाळा. आता सुनेची. मुलगा गेल्या वर्षी गेला. छातीत दुखतंय म्हणाला आणि गाडी दारात येईपर्यंत संपला. त्यावर जास्त लिहीत नाही. लिहून कोण परत येतं!

खाली काय बनतं ते मात्र लिहिते. मी जन्मभर इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी उकळल्या. तिथल्या गरम पाण्याच्या टाकीला आतून बुळबुळीत थर धरायचा. आम्ही बायका तो घासायचो आणि त्याला शिव्या घालायचो. मुलगा शिकून शहाणा झाल्यावर एक दिवस बाटली घेऊन आला आणि तोच थर खरवडून घेऊन गेला. म्हणाला, "आई, ज्या पाण्यात तुझा हात भाजतो त्यात हे जंतू संसार करतात." त्या जंतूंच्या पोटात एक कामगार असतो. सून त्याला एन्झाइम म्हणते. दुसरे एन्झाइम तापवले की अंड्यासारखे थिजतात आणि कामातून जातात. हा उकळीच्या जवळ नेला तरी काम सोडत नाही. काम काय, तर नकला काढायच्या. माणसाच्या केसात, थुंकीत, हाडात त्याच्या ओळखीचा धागा असतो म्हणे, पण इतका थोडा की दिसत नाही. तापव, निवव, पुन्हा तापव, पुन्हा निवव. दर फेरीला हा गडी त्या धाग्याची दुप्पट करतो. एकाचे लाखो झाले की मग यंत्राला दिसतं.

चौथी शिकलेल्या बाईला एवढं कळलं, पुष्कळ झालं.

सगळ्यांत गार ती नळ्या भरायची खोली. तिथे बसताना मुलाचा पांढरा कोट अंगात घालते, नाहीतर दात वाजतात. कोट माझ्या ट्रंकेत होता. धुतलेला नाही. कापड जुनं झालंय, धुतलं तर कॉलर हातात येईल. जन्मभर कपडे धुतले म्हणूनच कोणता धुवायचा नाही तेही मला कळतं.

आज बसल्या बसल्या टेबल पुसून काढलं. समोरून लखलखीत दिसतं, पण आडव्या उजेडात बघितलं की धूळ. फडकं सापडलं नाही, बाहीनेच पुसलं.

शनिवार, ६ एप्रिल

आज तापवणी झाली. जंतूंचा रस्सा तापवला की बाकीचं सगळं नासलेल्या दुधासारखं फाटून खाली बसतं. वरचं नितळ पाणी तेवढं आपलं. सुनेने काचेची बाटली उजेडात धरून मला दाखवली. "बघा आई, सगळे खाली बसले, हा एकटा उभा."

मी म्हटलं, "तुझ्या सासऱ्यासारखा. सगळे जेवायला बसले तरी उभाच."

ती हसली. फार दिवसांनी हसली, म्हणून लिहून ठेवलं.

ही खेप मोठी आहे. बेवारस सापडलेल्या माणसांची नावं शोधणारी एक कचेरी आहे. जळालेले, बुडालेले, रुळांवर सापडलेले, ज्यांचं नुसतं हाड उरलंय असे. त्यांना माल पसंत पडला तर ते वर्षभर घेतील. नाही पडला तर खालचं दार बंद. मोठ्या कंपनीने सुनेला दूरच्या गावी नोकरी देऊ केलीय, मग ती तिकडे जाईल. मी म्हटलं, जा की, तुला कोणी बांधून ठेवलंय? ती म्हणाली, "तुम्ही याल?" मी म्हटलं, या वयात झाड उपटून लावत नाहीत.

नळ्या भरायला एक पोरगी येते. एवढीशी आहे आणि सतत काहीतरी उचलत असते म्हणून मी तिला मुंगी म्हणते. तिचं लग्न ठरलंय. होणारा नवरा रुग्णवाहिका चालवतो. रोज सकाळी तिला सोडतो आणि ती आत जाईपर्यंत जिन्याखाली उभा राहतो.

"आजी, लग्नाला याल ना?"

"जेवण चांगलं असेल तर येईन. नवरा चांगला असायची माझी अट नाही, ते तुझं तू बघ."

गुरुवार, ११ एप्रिल

त्या कचेरीचा फोन आला. सून उभ्याने बोलत होती, ऐकता ऐकता खाली बसली.

झालं असं. तपासणी करताना एक नळी कोरी ठेवतात. आपला माल आणि स्वच्छ पाणी, बाकी काही नाही. त्यात काही उगवता कामा नये. त्यांच्या कोऱ्या नळ्यांत उगवलं.

"काय उगवलं?" मी विचारलं.

"माणूस. पुरुष." सून म्हणाली. "फक्त पुरुषांत असतो असा धाग्याचा एक तुकडा असतो, तो सापडलाय. आपल्या मालात कोणीतरी पुरुष आहे, आई."

मी म्हटलं, "पुरुष, आणि कामाच्या जागी? चुकून आला असेल."

मुंगीला हसू आलं, पण मॅडमचं तोंड बघून तिने ते गिळलं. सून म्हणाली, "ते लोक हाडावरून नाव ठरवतात. आपला हा माणूस त्यात मिसळला तर कोणाच्या तरी घरी चुकीचा निरोप जाईल. कोणाची तरी आई भलत्याच माणसासाठी रडेल."

"रडायचं ते रडेलच," मी म्हटलं. पण मग तिच्या खऱ्या पोराची वाट बघणारं कोणी उरणार नाही, हेही खरं. ते मी बोलले नाही.

त्यांनी पुढच्या महिन्यापर्यंत मुदत दिलीय. तोवर चोख माल दिला तर ठीक, नाहीतर दुसरीकडून घेणार.

शुक्रवार, १२ एप्रिल

सकाळपासून चौकशी. मुलगा गेल्यावर खोली नव्याने रंगवली होती, हत्यारं बदलली होती, त्यानंतरची प्रत्येक खेप चोख गेली. मग आताच काय झालं?

"आई, बाहेरचं कोणी आत आलं होतं?"

"नाही."

"नीट आठवून सांगा."

"माझे डोळे गेलेत, अक्कल नाही. दिवसभर जिन्यात बसलेली असते. बाहेरचं कोणी आलं असतं तर माझ्या तंगड्या ओलांडून गेलं असतं."

मग सून मुंगीकडे वळली. "त्या दिवशी तुझा होणारा नवरा तुझा डबा घेऊन आतल्या दारापर्यंत आला होता. मी बघितलं."

"मॅडम, त्याने दाराला हातसुद्धा लावला नाही."

"मग माणूस आला कुठून? भिंतीतून?"

मुंगीचे कान लाल झाले. "म्हणजे मी त्याला आत घेतलं, असं म्हणताय तुम्ही?"

सून काही बोलली नाही, आणि तेच वाईट झालं. नंतर म्हणाली, "मी सांगेपर्यंत घरी थांब." पोरीने डबा उचलला आणि गेली. डोळे पुसले नाहीत, मला आवडलं ते. पण आता तिच्या सासरी काय सांगणार? बंद खोलीत पुरुष सापडला म्हणून नोकरी गेली?

मी सुनेला सुनावलं. "चोर सोडून संन्याशाला फाशी देतेस."

"मग कोण, आई? आत जाणाऱ्या आम्ही दोघी. दोघी बायका."

ते मात्र बरोबर आहे. मलाही कोडं सुटेना.

सोमवार, १५ एप्रिल

सून एकटीने नवी खेप करतेय. जंतू वाढव, फोड, तापव, गाळ, भर, सगळं एकटी. दारावर पाटी लावलीय: आत येऊ नये. बरं केलं. बाहेरच्यांना धाक हवाच.

दुपारी तिचे डोळे मिटायला लागले. दटावून वर झोपायला पाठवलं. ती पडल्यावर मी खाली गेले आणि यावेळी नुसती बसले नाही. टेबल पुसलं, कपाटाच्या फळ्या पुसल्या, बाटल्यांची झाकणंसुद्धा एकेक करून पुसली. कोट अंगावर होताच. खिशात त्याचं पेन आहे, टोपण नसलेलं, आणि खोकल्याच्या गोळीचा कागद. कागद फेकायला काढला आणि परत ठेवला. कचऱ्याची टोपली लांब होती.

पोरीवर एवढं संकट आलंय, तर आपल्या हातून होतं तेवढं करावं.

गुरुवार, १८ एप्रिल

नवी खेप तपासली. पुन्हा पुरुष, आणि आधीपेक्षा जास्त.

मुंगी इथे नव्हती. तिचा गाडीवाला या गल्लीतसुद्धा आला नव्हता. सून म्हणाली, "आई, मला भीती वाटायला लागलीय."

"नळीतल्या माणसाची कसली भीती? नळीबाहेरच्यांची काय कमी आहे?"

तिचा हात धरला तर बर्फ. म्हटलं, आधी चार घास खा, मग घाबर. तिने खाल्लं नाही. पोरीला उगाच घालवलं म्हणून स्वतःच्या तळव्यात नखं रुतवत बसली. मी ताट झाकून ठेवलं.

शनिवार, २० एप्रिल

मुलाचा एक मित्र आहे, त्याच्याकडे माणसांची ओळख पटवायचं मोठं यंत्र आहे. दोन्ही खेपांतला माल त्याच्याकडे जाणार, आणि सोबत आमच्या सगळ्यांच्या गालातली थुंकी.

मुंगी आली. सून स्वतः फोनवर "ये" म्हणाली तेव्हा आली. मागून गाडीवाला. त्याने काही विचारलं नाही, सरळ खुर्चीवर बसून आ केला. मी वाकून बघितलं. "दात बरे आहेत. घेऊन टाक."

"आजी!" मुंगी ओरडली, पण आठवड्याभरात पहिल्यांदा कोणीतरी हसलं.

मग सून कापूस लावलेली काडी घेऊन माझ्याकडे वळली.

"माझी कशाला? मला मिशा फुटल्यात म्हणून?"

"सगळ्यांचीच घेतात, आई. कोण नाही ते आधी ठरवायचं असतं."

म्हटलं घे. तिने काडी गालात फिरवली आणि नळीत टाकून झाकण लावलं. 

मंगळवार, २३ एप्रिल

जसं झालं तसं लिहिते.

सून कागद घेऊन आली आणि जिन्यात माझ्या खालच्या पायरीवर बसली. माझ्याकडे पाठ करून.

"गाडीवाला नाही," ती म्हणाली. "मुंगी नाही. मी नाही."

"मग?"

"नळीत दोन माणसं आहेत, आई. एक तुम्ही."

"मी?"

"आणि दुसरा तो. माणसाच्या धाग्यावर खुणा असतात. प्रत्येक खूण दुहेरी, एक बाजू आईकडून आलेली, एक बापाकडून. त्या माणसाच्या प्रत्येक खुणेतली एक बाजू तुमची आहे. यंत्राने सगळ्या पडताळल्या. एकही चुकली नाही." मग थांबून म्हणाली, "तो तुमचा मुलगा आहे."

मला एकच होता.

मी म्हटलं, "यंत्र बिघडलंय. गेलेला माणूस नळीत बसतो होय?"

"तुम्ही आत जाता का?"

"दुपारी. गारव्याला."

"मी विचारलं तेव्हा नाही म्हणालात."

"तू बाहेरचं कोणी म्हणालीस. मी बाहेरची आहे?"

तिने मान खाली घातली. मग हळूच विचारलं, "काय घालून जाता?"

मी उठले. ट्रंकेतून कोट काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला. बाहीला खालच्या बाजूने काळपट झाक आलेली, टेबल पुसून पुसून. तिने त्या बाहीकडे बघितलं आणि तिला सगळं कळलं. मलाही तेव्हाच कळलं. त्याच्या अंगाचा कोंडा, त्याचे बारीक केस, त्याच्या मानेचा मळ, सगळं मी माझ्या हाताने टेबलावर सारवलं होतं. वर झाकणांनाही लावलं.

मला वाटलं ती ओरडेल. ओरडायलाच हवं होतं. तिने कोट उचलून त्यात तोंड खुपसलं. किती वेळ मान वर केली नाही. मग आतूनच बोलली, "मी सगळं घर शोधलं. वर्षभर शोधतेय. मला वाटलं, टाकून दिलात."

"विचारलं नाहीस कधी."

"तुम्ही कधी त्याचं नाव काढू दिलंत?"

 

बुधवार, २४ एप्रिल

आज कोणी कोणाशी बोललं नाही. भांडण नाही. कोट तिच्या खोलीत आहे.

शुक्रवार, २६ एप्रिल

सकाळी आम्ही दोघी मुंगीच्या घरी गेलो. तिची आई दारातच उभी, आत या म्हणेना. सुनेने तिथेच, शेजारीपाजारी ऐकत असताना, माफी मागितली. मी म्हटलं, "पोरी, तो पुरुष मी आणला होता. तुझं काही चुकलं नाही, माझं चुकलं."

मुंगी रडत रडत म्हणाली, "तुमच्या मुलाने माझी नोकरी घालवली की हो आजी."

"जिवंत होता तेव्हाही दुसऱ्यांची कामं वाढवूनच ठेवायचा."

तेव्हा तिच्या आईने आत घेतलं. चहा दिला, गोड जास्त होता. राग झाकायला साखर जास्त घातली असावी. पण दिला.

दुपारी दोन्ही खेपा ब्लीचमध्ये ओतायच्या होत्या. मुंगी बाटल्या देत गेली, सून ओतत गेली. शेवटची बाटली हातात घेऊन सून उभीच राहिली.

"ओत," मी दारातून म्हटलं. आता मी दाराच्या आत पाऊल टाकत नाही.

"यात तो आहे, आई."

"यात कोंडा आहे आणि बाहीची धूळ आहे."

"यंत्राला तोच दिसला."

"यंत्राला काय, त्याला नकला काढायच्या. तुला उद्या कोणाच्या आईला चुकीचं नाव पाठवायचंय का?"

तरी तिच्याने होईना. मी म्हटलं, "बादली इकडे बाहेर आण." तिने आणली. मी बाटली तिच्या हातातून काढून घेतली आणि ओतली. आवाजसुद्धा झाला नाही, पाणीच ते.

राहिला कोट. सून म्हणाली, पिशवीत सीलबंद करून माझ्या माहेरी पाठवू, तिथे राहील. मी म्हटलं, नको. जगात कुठेही असला तर मी एक दिवस तिथे जाईन आणि पिशवी उघडीन. मला मी माहीत आहे. मग त्याच अंगाने इथे येईन, तुझ्या दाराशी बसेन, आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून.

 ती म्हणाली, "मी मदत करू?"

"बाजूला हो. हे माझं काम."

उकळून तो धागा पुरता जात नाही म्हणे, ब्लीचच लागतं. वरच्या न्हाणीत बादली भरली. खिसे रिकामे केले. कोट बुडवला, काठीने दाबून धरला. आधी फुगून वर येत होता. मग आला नाही. पिळताना कॉलर सुटून हातात आली. मी म्हटलं होतंच.

दोरीवर वाळत घातला तेव्हा नुसतं पांढरं फडकं दिसत होतं. वास घेऊन बघितला. ब्लीचचा.

गुरुवार, ९ मे

खालची खोली धुऊन, उरलासुरला धागा मारणाऱ्या निळ्या दिव्याखाली ठेवून पुन्हा सुरू केलीय. तिसरी खेप मुंगी आणि सून दोघींनी मिळून केली. आज तपासणी. आज चुकलं तर संपलं, कंपनीचं नोकरीचं पत्र टेबलावर तसंच पडलंय.

मी दाराबाहेर स्टुलावर बसले. दाराला काच आहे, तिच्यातून यंत्राचा पडदा दिसतो. नळीत कोणी असेल तर पडद्यावरची रेघ मध्येच मान वर काढते आणि चढत जाते. कोणी नसेल तर आडवी पडून राहते. यंत्र तापत होतं, निवत होतं. तो गडी आत आपलं काम करत होता. दुप्पट करायला काही सापडलं तर. गाडीवाला जिन्यात उभा. सून नखं खात होती. 

रेघ आडवीच राहिली. शेवटच्या फेरीपर्यंत आडवी.

सून दार उघडून बाहेर आली आणि माझ्यासमोर फरशीवरच बसली. "आई," ती म्हणाली, "कोणी नाही."

"नक्की?"

"नक्की. एक कणसुद्धा नाही."

मुंगीने टाळ्या वाजवल्या. गाडीवाल्याने जिन्यातून शिट्टी मारली. सून हसत होती आणि गालावरून पाणी वाहत होतं.

मी म्हटलं, "पुन्हा एकदा लावून बघ. घाईत चुका होतात."

मुंगी म्हणाली, "आजी, अहो, दोनदा बघितलं." पण सुनेने माझ्याकडे बघितलं, उठली, नवी कोरी नळी भरली आणि यंत्रात ठेवली. आम्ही सगळे पुन्हा बसून राहिलो.

पुन्हा कोणी नाही.

मग मीही टाळ्या वाजवल्या.